पथ्याचा टोस्ट

आमच्या घरातला पाव मी बंद केला, हे आधीच सांगून टाकते, कारण आता पालीत ज्याला त्याला वाटतंय की ते काम त्यानेच केलं. माझा नवरा भूपेश तर लोकांना असं रंगवून सांगतो, जणू रोज सकाळी बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातातला पाव यानेच काढून घेतला. अहो, हा माणूस त्या दिवसांत स्टेशनला जाऊन वडापाव खायचा आणि तोंड पुसून साळसूदासारखा घरात शिरायचा. असो, श्रेय ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. पण त्यात जी घोडचूक झाली तीही माझीच होती, आणि ती मी लपवणार नाही.

मी हेमाली. माहेर भाईंदर पूर्वेचं खारीगाव, सासर उत्तनजवळची पाली. एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. दाखल्यावरून भांडायला आलेले पालक माझ्या टेबलासमोर दोन मिनिटांत गप्प होतात, त्यामुळे घरातली तीन माणसं सरळ करणं म्हणजे काय मोठं, असं मला लग्नापासून वाटत आलंय. माझे सासरे बाळाराम, त्रेसष्ट वर्षांचे, आमच्या बोटीचे तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, सगळं ते ठरवणार. भूपेश आणि बाकीचे खलाशी ऐकणार. घरात मात्र शेवटचा शब्द आईंचा, म्हणजे सासूबाई कमळाबाईंचा. मी आल्यापासून शेवटचे शब्द दोन असतात.

बाबांना नऊ वर्षं साखर. गोळी घ्यायची आणि वर पाव खायचा, अशी त्यांची ट्रीटमेंट. पाव म्हणजे किती? सकाळी सातला गल्लीत पाववाल्याची सायकल आली की चार, चहात बुडवून. अकराला दोन. दुपारी भात, तो वेगळा. संध्याकाळी परत दोन, आणि रात्री टोपात कालवण उरलं असेल तर टोप पुसायला आणखी एखादा. त्यांना बोलूनही उपयोग नव्हता, कारण बोटीवरच्या माणसाची भूक घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालते. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तसं काम सरकतं आणि तशी भूकही सरकते. भर समुद्रात भूक लागली तर भाकरी कोण थापून देणार? पाव हाताशी असतो. चाळीस वर्षं अशी काढल्यावर बोट किनाऱ्यावर असली तरी त्यांचं पोट पाण्याचीच वेळ पाळतं.

मे महिना संपत आला, पावसाळ्याची मासेमारी बंदी लागायची म्हणून बोट वर ओढली. तेव्हा बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात कालवाची शिंप घुसली. साखरेने पाय बधिर झालेला, त्यांना काही कळलंच नाही. घरी आले तेव्हा चपलेत रक्त. हळद दाबली, फडकं बांधलं आणि कोणाला एका शब्दाने सांगितलं नाही. आठ-दहा दिवसांनी वास यायला लागला. आता मासळीच्या घरात वास आला म्हणून कोण लक्ष देणार? आईंनी आधी सुक्या बोंबलांची डालगी उपसली, मग मोरी घासली. शेवटी फडकं सोडलं तर अंगठ्याचं टोक काळं पडलेलं.

भाईंदर पश्चिमेला रसिका डॉक्टर आहेत, मधुमेहाच्या पायांचंच बघतात. वयाने माझ्याएवढ्याच, आवाज कधी चढवत नाहीत. साखर तपासली, तीनशे अठ्ठेचाळीस. त्यांनी जखम साफ केली, गोळ्या बदलल्या, दोन वेळचं इंजेक्शन लावलं आणि रोज ड्रेसिंग करायला सांगितलं. मग खुर्ची बाबांच्या समोर ओढून बसल्या.

"माझ्या हातात आहे ते मी करतेय," त्या बोलल्या. "पण साखर अशीच राहिली तर जखम भरणार नाही. तीन आठवडे बघू. नाहीतर अंगठा काढावा लागेल."

पाव बंद करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाकी काय खायचं, काय नाही, त्याचा छापील कागद बाहेर सिस्टरकडे आहे, तो घेऊन जा, असंही सांगितलं. बाहेर ही गर्दी. सिस्टरच्या टेबलापाशी दहा माणसं. मी मनात बोलले, साखर म्हणजे गोड बंद, पाव बंद, भात मूठभर. यात कागदावर लिहिण्यासारखं आहे काय? मी रिक्षाला हात केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्याकडे बघूनच कोणीतरी केली असणार.

 घरी आल्यावर बाबा दारासमोरच्या ओट्यावर बसले, पाय खुर्चीवर ठेवला आणि भूपेशला बोलले, "अंगठा गेला तं मी नालीवर उभा न्हाय राहू शकत." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं निमुळतं टोक. बाबा तिथे अनवाणी उभे राहतात, बोट खाली-वर होत असते आणि ते हाताने दिशा दाखवत असतात. फळीला पायाचा अंगठा रोवलेला असतो, त्या एका अंगठ्यावर सगळा तोल. भाव सांगावा तशा आवाजात ते बोलले आणि पाण्याकडे बघत बसले. आई आत जाऊन रडल्या. मला रडू आलं नाही, मला राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मी तो पावावर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल दारात आली तेव्हा मी उंबऱ्यातच उभी. पाववाल्याला बोलले, भैया, कल से हमारे यहाँ पाव नहीं देना. त्याला वाटलं पावात काही निघालं. मी बोलले, पाव में कुछ नहीं निकला, हमारे घर में शुगर निकला है. तो बिचारा 'जी भाभी' करत पुढे गेला. मागून बाबांचा आवाज आला की या घरात तांडेल कोण आहे. मी बोलले, बोटीवर तुम्ही, बोट आता किनाऱ्यावर आहे.

चार दिवस घरात नुसता शिमगा. बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली आणि माझ्याशी बोलणं सोडलं. चहा आला की कपाकडे असे बघायचे, जसं कोणी त्यात माती टाकलीय. आई उघड त्यांच्या बाजूने. आजारी माणसाला उपाशी ठेवतात का कोण, असं माझ्या पाठीमागे पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलायच्या. पाचव्या दिवशी मात्र बाबा चहा अर्धा टाकून उठले, चक्कर आली आणि भिंतीला धरून बसले. तेव्हा मीही घाबरले.

आई टोस्टचा डबा घेऊन आल्या. आजारी माणसाला टोस्ट चालतो, त्या बोलल्या. आणि मला ते शंभर टक्के पटलं. तुम्हीच सांगा, आपल्याकडे ताप आला की काय देतात? चहा-टोस्ट. बाळंतिणीला पहिल्या दिवशी काय? चहा-टोस्ट. हॉस्पिटलात कोणाला बघायला गेलं की हातात काय असतं? टोस्टचा पुडा. मी जन्मात कोणाला पेशंटसाठी पावाची लादी नेताना बघितलेलं नाही. म्हणजे पाव वाईट आणि टोस्ट पथ्याचा, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. मी तर वर शहाणपणा करून बेकरीतून तांबूस रंगाचा, गव्हाचा म्हणून विकतात तो टोस्ट मागवला आणि बाबांच्या हातात स्वतः दिला.

घर एकदम शांत झालं. बाबांची खुर्ची भिंतीकडून वळली. सकाळी दोन टोस्ट होते त्याचे तीन झाले, मग अकराला दोन, मग संध्याकाळी. भेटायला येणारी माणसं पुडे आणत होतीच. आमच्या पालीत एवढ्याएवढ्या गल्ल्या, बाळाराम तांडेलचा पाय बिघडलाय ही बातमी दुपारपर्यंत उत्तनच्या बाजारात पोहोचली होती. रोज दोन-तीन माणसं, रोज दोन-तीन पुडे. पत्र्याचा मोठा डबा भरला, मग दुसरा काढला. मी ऑफिसात ऐटीत सांगायचे की आमच्याकडे आता एक पाव येत नाही, इच्छाशक्ती पाहिजे हो माणसाला. माझ्या शेजारच्या टेबलावर इशिता बसते, तिच्या आईलाही साखर आहे. तिच्या आईलाही मी टोस्ट सुचवला.

तीन आठवडे झाले. मी बाबांना घेऊन गेले ती जवळजवळ हार घालून घ्यायच्या तयारीत. आई बरोबर होत्या. डॉक्टरांनी साखर तपासली आणि मीटर माझ्याकडे वळवलं. तीनशे एकतीस. मी बोलले मशीन बिघडलं असेल. त्यांनी दुसऱ्या मशीनवर तपासली, तीनशे एकोणतीस. मग ड्रेसिंग सोडलं. काळेपणा नखाच्या मुळाशी आलेला.

डॉक्टरांनी विचारलं की दिवसभरात काय काय खातात, एक एक सांगा. मी सांगितलं. भाकरी अर्धी, भात मूठभर, मासे, भाजी, बिनसाखरेचा चहा. पाव तीन आठवड्यांत एकही नाही, हे मी दोनदा सांगितलं. चहाबरोबर फक्त टोस्ट.

"किती टोस्ट?"

मी आईंकडे बघितलं, आई बाबांकडे. आठ, कधी दहा, असं आई हळू आवाजात बोलल्या.

"टोस्ट कशाचा करतात, माहितीय?" डॉक्टर बोलल्या. "मैद्याचाच पाव. वर साखर घालतात, कापतात आणि परत भट्टीत वाळवतात. इतके दिवस तुम्ही यांना वाळवलेला गोड पाव देताय."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मला वाटलं खालची फरशी फाटावी. ती काही फाटत नाही, अशा वेळी कधीच फाटत नाही. मी रंगाचं विचारलं, गव्हाचं विचारलं. त्या बोलल्या की रंग करपवलेल्या साखरेचाही असतो. कागद वाचला नाही का, असंही त्यांनी विचारलं. त्यात टोस्ट, बटर, बिस्किट सगळं लिहिलेलं आहे, वरून दुसऱ्या ओळीत. मी खरं सांगितलं की कागद घेतलाच नव्हता. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आणखी पंधरा दिवस देते, त्या बोलल्या, त्याच्यापुढे थांबणं म्हणजे पाय धोक्यात घालणं. पुढच्या खेपेला हा अंगठा वाचवायचा की काढायचा, ते नक्की करू.

या वेळी मी रांगेत उभी राहिले आणि कागद घेतला.  रिक्षात बसल्यावर राई गेलं, मोर्वा गेलं, मी त्या कागदाची घडी घालत होते आणि उलगडत होते. नऊशे पालकांना शिस्त लावणारी मी, आणि माझ्याच हाताने एका माणसाचा अंगठा घालवायला निघाले होते. घरी आल्यावर दोन्ही डबे उचलले आणि शेजारच्या कोंबड्यांसमोर रिकामे केले. मग ओट्यावर बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. मला माफी मागायची सवय नाही, पण मागितली. चूक माझी आहे, तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, असं सांगितलं.

बाबांनी पाय खुर्चीवर नीट ठेवला. मग बोलले, "मना ठाव होता टोस्ट गोड हाय. जिभेला कळतंय ना."

मी उडालेच. मग बोलला का नाहीत?

"पाव गेला, आता टोस्ट पन गेला तं चहा कसा जाईल, म्हनून गप बसलो. चोरी माझी पन हाय."

राग एवढा आला की मी आत निघून गेले, आणि स्वयंपाकघरात उभी राहून हसायलाही आलं. हा माणूस समुद्रात वारा फिरायच्या आत ओळखतो आणि स्वतःच्या अंगठ्यापुढे टोस्ट ठेवतो. आई मागून आल्या. मी तयारच होते, आता या मला सोडणार नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटा धरला, सुलटा केला आणि बोलल्या, "डबा मी आनला, दिला तू. दोगींनी केला, आता दोगींनीच निस्तरायचा. वाच काय लिवलाय."

लग्नानंतरच्या सात वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात शेवटचा शब्द एकच होता.

कागद मी बाबांसमोर मोठ्याने वाचला. त्यात वेळा छापलेल्या. आठला नाश्ता, एकला जेवण, आठला जेवण. बाबा बोलले की इंजेक्शन आणि जेवण घड्याळावर करीन, शब्द देतो, पण मधली भूक माझ्या हातात नाही, ती पाण्याची आहे. त्यांनी खोटा शब्द दिला असता तर मी लगेच ओळखला असता. हा खरा होता. मग मी कॅलेंडर काढलं, त्यांनी तिथी बघून पुढच्या पंधरा दिवसांच्या भरतीच्या वेळा तोंडपाठ सांगितल्या, आणि मी प्रत्येक दिवसाच्या चौकोनात त्या लिहिल्या. त्या वेळेला हातात काय द्यायचं, एवढंच ठरवायचं होतं. कागदावर उकडलेलं अंडं होतं, काकडी होती. पण चहाबरोबर कुरकुरीत काहीतरी लागतं, त्याचं काय, यावर गाडी अडली.

आईंनी उठून गॅसवर जाळी ठेवली आणि एक सुका बोंबील भाजला. तोडून बशीत घातला आणि बिनसाखरेच्या काळ्या चहाबरोबर बाबांसमोर सरकवला. मी डोक्याला हात लावला. चहा आणि बोंबील, हे माझ्या खारीगावातही कोणी करणार नाही. पण बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला, चहाचा घोट घेतला, आणि बशी पुढे ओढली. मी डॉक्टरांना फोन लावला, कारण आता मी न विचारता पाणीसुद्धा देणार नव्हते. त्यांनी पहिलं विचारलं मिठाचं. मी सांगितलं की आम्ही बोंबील मीठ न लावता नुसते उन्हात वाळवतो. पलीकडून हसण्याचा आवाज. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, त्या बोलल्या, पण चालेल, तेल न लावता, दिवसाला दोन.

मग सुरू झाले आमचे पंधरा दिवस. सकाळी उठलं की आधी नव्या आणलेल्या मीटरसाठी बोटाला टोचायचं, आकडा कॅलेंडरवर. इंजेक्शन द्यायला भूपेश पहिल्याच आठवड्यात शिकला होता, तेवढं पुण्य त्याच्या नावावर लिहा. आई नाचणीची अर्धी भाकरी थापायच्या, इतकी पातळ की बाबा विचारायचे, भाकरी हाय का तिचा फोटू. तिसऱ्या दिवशी दोनशे बासष्ट. सहाव्या दिवशी दोनशे चौदा. आठव्या दिवशी परत दोनशे चाळीस, आणि मी घरभर झडती घेतली. कपाटाच्या मागे बघितलं, बोटीच्या सामानात बघितलं. काही सापडलं नाही. बाबा बोलले की चोर समजतेस काय, आणि मी बोलले होय. नंतर कळलं की आदल्या दिवशी इंजेक्शन द्यायला भूपेश विसरला होता. लिहिलेलं पुण्य खोडून टाका.

बाबांची परीक्षा मी बघत होते. पाववाला रोज सातला जायचा, घंटा वाजवत. शेजारणीच्या दारात लादी सुटी करायचा, तो ताजा वास सरळ आमच्या ओट्यावर. बाबा तेव्हा उठून आत यायचे, पाय हळू टाकत, आणि सायकल वळणापलीकडे गेली की परत जाऊन बसायचे. कोणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय अशी रोज सकाळी पाठ फिरवून मोडताना मी बघितलीय, आणि तेव्हा मला या माणसाचा फार अभिमान वाटला. तोंडावर मी काही बोलले नाही, चढून बसतील म्हणून.

दहाव्या दिवशी उत्तनहून मंदाआत्या आल्या. बाबांची मोठी बहीण, सत्तरीच्या, गावात मान मोठा. हातात पिशवी आणि पिशवीत टोस्टचे दोन मोठे पुडे. आमच्यात आजाऱ्यासाठी आणलेली वस्तू परत करणं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं. मी दारातच होते, आता काय बोलायचं ते जुळवत होते. मी बोलले असते तर सून उद्धट आहे हे सगळीकडे झालं असतं, आणि तेही चुकीचं नाही. पण मला बाजूला करून आई पुढे झाल्या. पुडे आत्यांच्या हातातून घेतले, त्यांच्याच पिशवीत परत ठेवले.

"ताई, हा टोस्ट त्याचा अंगठा खातोय," त्या बोलल्या. "रागाव पायजे तं, पन परत ने."

आत्या चहा न घेता गेल्या. पस्तीस वर्षांत नणंदेला आई कधी वर मान करून बोलल्या नव्हत्या. आतून बाबांनी सगळं ऐकलं होतं. बहिणीचा अपमान झाला म्हणून आता आरडाओरडा होणार, असं आम्हा दोघींना वाटलं. त्यांनी हाक मारून काकडी मागितली. दोन दिवसांनी आत्या परत आल्या, डझनभर गावठी अंडी घेऊन, आणि उलट आम्हालाच बोलल्या की आधी नीट सांगायला काय झालं होतं. ही बातमीही गल्लीगल्लीत गेली असणार, कारण त्यानंतर आमच्याकडे टोस्टचा एक पुडा आला नाही. काकड्या मात्र एवढ्या आल्या की शेवटी मी शेजारी वाटल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी आकडा आला एकशे बेचाळीस. मी तो कॅलेंडरवर लिहिला आणि पेन खाली पडला. पण मीटरवरच्या आकड्याने अंगठा वाचत नाही, हे मला आता माहीत होतं. रिक्षात बाबांनी पाय मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी धरून, जसं कोणी काढून नेईल.

डॉक्टरांनी ड्रेसिंग सोडलं. काळं पडलेलं कातडं वरच्या बाजूला कोरडं होऊन सुटत आलं होतं.  त्यांनी चिमटा आणि छोटं पातं घेतलं आणि ते काळं हळूहळू खरवडायला लागल्या. आई भिंतीकडे तोंड करून उभ्या. मी बघत होते, कारण मीच बघायला पाहिजे होतं. एक थर निघाला, खाली काळंच. दुसरा निघाला, खाली पिवळट.  तिसऱ्या वेळेला पातं जरा आत गेलं आणि अंगठ्यातून रक्त आलं. लाल, ताजं, भळकन् बाहेर.

आईंनी वळून बघितलं आणि हंबरडाच फोडला. बाबांनी डोळे मिटले. आणि डॉक्टर मान वर करून हसत होत्या.

"रक्त येतंय," त्या बोलल्या. "आत जिवंत आहे. हा अंगठा काढायचा नाही."

आईंना ते दोनदा सांगावं लागलं. समजलं तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, मग माझ्या. मी ऑफिसात कधी रडले नाही, लग्नात पाठवणीला रडले नाही, तिथे त्या दवाखान्यात मी भोकाड पसरून रडले. सिस्टर आत बघून गेली, तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. बाबा आमच्याकडे बघून डॉक्टरांना बोलले की या दोघींना बाहेर बसवा, माझी जखम भिजेल.

इशिताच्या आईचा टोस्ट मी मागेच, आमचे डबे रिकामे केले त्याच दिवशी, फोन करून बंद केला होता. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, ते माझं मला मिळालं.

जखम भरायला पुढे आणखी महिना-दीड महिना गेला. नख गेलं, अंगठा टोकाला जरा चपटा झाला. पाव पूर्ण सुटला असं मी खोटं सांगणार नाही. तीन महिन्यांची साखर चांगली आल्यावर डॉक्टरांनीच महिन्यातून एखाद्या दिवशी एक चालेल असं सांगितलं, आणि त्या एका पावावर बाबा अर्धा तास काढतात.

नारळी पौर्णिमेला सगळी पाली किनाऱ्यावर. बोटी रंगवलेल्या, पताका लावलेल्या, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, स्पीकर असा की कानठळ्या बसाव्यात. डॉक्टरांचा हुकूम होता की पाय उघडा ठेवायचा नाही, म्हणून बाबांच्या पायात रबराचे बूट. पण पूजेला बोटीवर पायात काही घालत नाहीत, हे मलाही मान्य. त्यांनी भूपेशच्या खांद्याला धरून बूट काढले, मोजे काढून त्यांची घडी केली, सगळं माझ्या हातात दिलं आणि बोटीवर चढले. पूजा झाली, नारळ पाण्यात सोडला. आता उतरतील म्हणून मी बूट घेऊन पुढे झाले, तर बाबा उलट्या बाजूला चाललेले. फळीवरून, कोणाला न धरता, थेट नाळीच्या टोकापर्यंत.

किनाऱ्यावरची माणसं बघायला पुढे सरकली. दोन महिन्यांपूर्वी याच माणसांनी आमच्या घरी येऊन, अंगठा गेला तरी माणूस जगतो, असं बाबांना समजावलं होतं. बाबांनी उजवा पाय टोकावर रोवला. खाली लाट आली, बोट वर गेली, खाली आली, ते हलले नाहीत. त्यांनी गर्दीत मला शोधलं.

"हेमाली, बग," ते ओरडले, आणि डावा पाय उचलला.

त्रेसष्ट वर्षांचा माणूस, हलत्या बोटीच्या टोकावर, एका पायावर, त्या चपट्या अंगठ्यावर. आई किंचाळल्या, अरे उतर मेल्या म्हाताऱ्या. भूपेश धरायला धावला. मीही झापायला तोंड उघडलं, आणि काखेत बूट धरून टाळ्या वाजवायला लागले.